तारेची दोन टोकं

डोंबिवली स्टेशनात सकाळी कुणालाही विचारा, "आता येतेय ती एसी आहे का हो?" तो मान उंच करून इंडिकेटर बघेल आणि म्हणेल, "नाही, साधी." त्याच्या परीने त्याचं बरोबरच आहे. पण हाच प्रश्न रेल्वेच्या वीज विभागातल्या माणसाला विचारला तर तो म्हणेल, आता सगळ्याच एसी. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरची डोक्यावरची तार टप्प्याटप्प्याने डीसीवरून एसीवर गेली, त्याचा शेवटचा टप्पा २०१५ च्या जूनमध्ये संपला. हार्बरचं काम २०१६ च्या एप्रिलमध्ये झालं. पश्चिम रेल्वेने २०१२ च्या फेब्रुवारीतच ते उरकलं होतं. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटीहून कुर्ल्याला विजेवरची पहिली गाडी सुटली, तेव्हापासून मुरलेली नव्वद वर्षांची पद्धत मुळापासून बदलली. आपल्याला कळलं ते एवढंच, की रात्री ब्लॉक होता आणि सकाळी गाड्यांचा खोळंबा.

मी मानपाडा रोडला राहतो. हेही जरा उलगडून सांगायला हवं, कारण मानपाडे दोन आहेत. ठाणेकराचं मानपाडा घोडबंदर रोडवर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. आमचं कल्याण-शीळ रस्त्यावर, एमआयडीसीला लागून. आमच्या मानपाड्याहून कल्याणकडे निघालं की वाटेत टाटा नाका लागतो. टाटांच्या वीजकेंद्रावरून पडलेलं हे नाव. रोज तिथे रिक्षातून उतरणाऱ्या माणसाच्या डोक्यात नाक्याचा आणि विजेचा संबंध येत असेल असं वाटत नाही. माझ्याही आला नव्हता, कित्येक वर्षं.

एसी विजेचा इतिहास आपल्याकडे न्यूयॉर्कहून सुरू करायची रीत पडली आहे. एक एडिसन असतो, तो धूर्त आणि पैसेवाला. एक टेस्ला असतो, तो प्रतिभावान आणि भोळा. दोघांत 'विजेचं युद्ध' होतं. एडिसनच्या बाजूचे लोक भर सभेत कुत्र्यांना एसीचे झटके देऊन मारतात, ६ ऑगस्ट १८९० रोजी न्यूयॉर्क राज्यात एका कैद्याला विजेच्या खुर्चीत बसवून देहदंड देतात, आणि तरीही शेवटी सत्य जिंकतं, म्हणजे एसी जिंकते. व्हॉट्सॲपवर ही कथा दर दोन-तीन महिन्यांनी येते, खाली हात जोडलेले असतात. आपल्याला कीर्तनातला पूर्वरंग आणि उत्तररंग आवडतो, त्यामुळे ती आपल्या अंगवळणीही पडते. माझी तक्रार तिच्यातल्या घटनांबद्दल नाही, त्या बहुतेक खऱ्याच आहेत. तक्रार 'जिंकली' या शब्दाबद्दल आहे.

एसी १८९० च्या दशकात जिंकली असेल, तर १९२५ साली मुंबईच्या रेल्वेने डीसी का घेतली? ती माणसं अडाणी नव्हती. आणि १९९९ साली महाराष्ट्रातली सर्वांत लांब पल्ल्याची वीजवाहिनी चंद्रपूरहून आमच्या ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला आली, तीही डीसीच का? म्हणजे लोकलची तार डीसीकडून एसीकडे जात होती, त्याच सुमारास पडघ्याची तार एसीकडून डीसीकडे गेली. या दोन उलट्या प्रवासांच्या मधोमध कल्याण-डोंबिवली आहे. तिथे बसून 'युद्ध कोण जिंकलं' हा प्रश्न मला चुकीचा वाटू लागला.

आधी एसी म्हणजे काय ते बघू. शाळेच्या पुस्तकात तिला प्रत्यावर्ती धारा म्हणतात, डीसीला दिष्ट धारा. पाठ करायला सोपं, समजायला अवघड. त्यापेक्षा आजीचं ताक घुसळणं आठवावं. रवीला दोरीचे वेढे. दोरी एकदा डाव्या हाताकडे येते, एकदा उजव्या. तासभर ओढली तरी दोरी जागेवरच असते, ती कुठेही जात नाही. लोणी मात्र येतं. एसी तशी आहे. तारेतले विद्युत्कण जागच्या जागी पुढेमागे होतात, आपल्याकडे सेकंदाला ५० वेळा, आणि त्या हिसक्यांतून दुसऱ्या टोकाला काम होतं. डीसी म्हणजे पाटाचं पाणी. एका दिशेने येतं, कामाला लागतं.

आता पाटाच्या पाण्याची अडचण अशी, की घरात वापरायला दाब कमी हवा आणि लांब न्यायला दाब जास्त हवा. एडिसनने ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजघर सुरू केलं, ते ११० व्होल्टचं. घरासाठी ठीक. पण इतक्या कमी दाबाने वीज मैल-दीड मैल गेली की तारेतच तापून संपायची. लांब न्यायची तर तांब्याच्या तारा इतक्या जाड लागल्या असत्या की धंदा बुडाला असता. म्हणून प्रत्येक वस्तीला तिचं वीजघर, तिचा कोळसा, तिचा धूर.

यावर तोड निघाली ती ट्रान्सफॉर्मरने. महावितरणच्या पत्रकात त्याला रोहित्र म्हणतात. गावात डीपी म्हणतात. उडाला की सगळेच ट्रान्सफॉर्मर म्हणतात. लोखंडाच्या एका गाभ्यावर दोन वेटोळी. एका वेटोळ्यात वीज हेलकावते, तशी तिच्याभोवतीची चुंबकीय ओढ कमीजास्त होते, आणि त्या कमीजास्त होण्यामुळे दुसऱ्या वेटोळ्यात वीज उमटते. वेढ्यांची संख्या बदलली की दाब बदलतो. यात हलणारा एकही भाग नाही. हे घडण्यासाठी अट एकच, वीज हेलकावणारी हवी. पाटाचं संथ पाणी इथे चालत नाही. एसीची सगळी किमया या एका अटीत आहे. बाकी एसीत जात्याच श्रेष्ठ असं काही नाही.

आणि या ट्रान्सफॉर्मरपाशी टेस्ला नाही. तिथे ल्युसियँ गोलार नावाचा फ्रेंच माणूस आहे आणि जॉन डिक्सन गिब्ज नावाचा त्याचा इंग्रज भागीदार. त्यांनी १८८४ साली इटलीत तुरीनच्या प्रदर्शनात तुरीन ते लान्झो अशी सुमारे ४० किलोमीटरवर एसी वीज नेऊन दिवे लावून दाखवले. त्यांच्या जोडणीत एक दोष होता. एका ठिकाणचे दिवे मालवले की दुसऱ्या ठिकाणच्या दिव्यांवर परिणाम व्हायचा. तो दोष बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातल्या तिघांनी, झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी यांनी, १८८५ साली काढला. 'ट्रान्सफॉर्मर' हा शब्दही ब्लाथीने दिलेला. अमेरिकेत वेस्टिंगहाऊसने गोलार-गिब्जची यंत्रं मागवली, विल्यम स्टॅन्लीने ती सुधारली आणि १८८६ च्या मार्चमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रेट बॅरिंग्टन या लहानशा गावातली दुकानं उजळून दाखवली. गोलारचं पेटंट इंग्लंडच्या कोर्टात टिकलं नाही. १८८८ साली तो पॅरिसच्या वेड्यांच्या इस्पितळात वारला. व्हॉट्सॲपला हुतात्मा हवाच असेल तर हा घ्यावा, पण त्याचा फोटो टेस्लासारखा देखणा नाही.

मोटरची गोष्टही अशीच. एसीवर चालणारी चांगली मोटर नव्हती, आणि कारखान्याला दिव्यापेक्षा मोटर महत्त्वाची. फिरत्या चुंबकीय क्षेत्राची कल्पना तुरीनच्याच गॅलिलिओ फेरारिस या प्राध्यापकाला १८८५ साली सुचली. त्याने ती १८८८ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध केली. टेस्लाला पेटंट मिळाली त्याच वर्षी मे महिन्यात. फेरारिसने पेटंट घेतलंच नाही. ज्ञान सगळ्यांचं, अशी त्याची वृत्ती होती. पण त्याच्या निबंधात एक चूक होती आणि मला ती मोठी शिकवणारी वाटते. त्याने हिशेब मांडून दाखवला, की अशी मोटर अर्ध्याहून जास्त वीज कधीच कामी लावू शकणार नाही, म्हणून कारखान्यात तिचा उपयोग नाही. जिचा जन्म आपल्याच टेबलावर झाला, तिला त्याने प्रयोगशाळेतलं खेळणं म्हणून बाजूला ठेवलं. टेस्लाचं मोठेपण इथे आहे. त्याला तीच गोष्ट कामाची दिसली, आणि जनित्रापासून मोटरपर्यंतची अख्खी साखळी त्याने एकदम डोळ्यांसमोर आणली. ते मोठेपण खरंच मोठं आहे. फक्त ते एकट्याचं नाही.

मला या सगळ्यात सर्वांत बोलका वाटतो तो १८९१ चा प्रयोग. जर्मनीत नेकार नदीवरच्या लाउफेन गावातून फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनाला, १७५ किलोमीटरवर, थ्री फेज वीज नेली. ही थ्री फेज म्हणजे आपल्या पिठाच्या गिरणीत असते तीच. तिच्यामागे डोलिवो-डोब्रोवोल्स्की नावाचा रशियन इंजिनीअर आणि स्वित्झर्लंडचा चार्ल्स ब्राउन. पोचता पोचता फक्त पावहिस्सा वीज वाटेत गेली. त्या विजेवर फ्रँकफुर्टमध्ये हजार दिवे लावले, आणि एक पंप चालवून प्रदर्शनात नकली धबधबा सोडला. म्हणजे पाणी लाउफेनला पडत होतं आणि धबधबा लोक फ्रँकफुर्टमध्ये बघत होते. प्रदर्शन भरवणाऱ्यांना गंमत करायची होती. पुढच्या शंभर वर्षांची सगळी अर्थव्यवस्था त्यांनी त्या गमतीत मांडून ठेवली. जिथे पडतं तिथे दिसत नाही, जिथे दिसतं तिथे पडत नाही.

आपल्याकडे हे फार लवकर आलं. १९०२ साली म्हैसूर संस्थानातल्या शिवसमुद्रमहून कोलारच्या सोन्याच्या खाणींना जवळजवळ दीडशे किलोमीटरवरून वीज जाऊ लागली. घरांना नव्हे, खाणींना. आणि मग सह्याद्री. लोणावळ्याच्या बाजूला पावसाळ्यात जे कोसळतं, ते तळ्यांत अडवायचं आणि घाटाखाली पाचशे मीटर उतरवून खोपोलीला चाकं फिरवायची, ही जमशेटजी टाटांनी पाहिलेली योजना. ते १९०४ साली गेले. कंपनी १९१० साली निघाली, ८ फेब्रुवारी १९११ रोजी पायाभरणी झाली आणि १९१५ साली खोपोलीची वीज सुमारे एक लाख व्होल्टच्या दाबाने परळला पोचली. गिरण्यांची वाफेची इंजिनं उतरू लागली. वळवणच्या तळ्यावर पाऊस आणि परळमध्ये मागाचा खडखडाट. लाउफेन-फ्रँकफुर्टचंच हे मराठी रूप. पुढे १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा.

भिऱ्यासाठी मुळशीचं खोरं बुडवावं लागलं. १९२१ च्या रामनवमीला तिथे सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते तिथे. पन्नासेक गावांचे मावळे, बायकामुलांसह, खोदकामाच्या जागेवर आडवे झाले. तीन वर्षांनी लढा संपला, धरण झालं. हा इतिहास मराठी वाचकाला नवा नाही. पण तो आपण भांडवल, स्वातंत्र्यलढा, विस्थापन या कप्प्यांत ठेवतो आणि एसीचा इतिहास विज्ञानाच्या कप्प्यात. माझं म्हणणं असं, की ही दोन प्रकरणं एकाच पुस्तकातली आहेत. डीसीचा जमाना राहिला असता तर मुंबईसाठी मुळशी बुडवण्याचा प्रश्नच उद्भवला नसता. मुळशीची वीज मुळशीतच संपली असती. ट्रान्सफॉर्मर आला म्हणून मुळशी मुंबईच्या आवाक्यात आली. टेस्ला, फेरारिस, ब्लाथी यांनी जगाला प्रकाश दिला असं आपण म्हणतो. त्यांनी दिलं ते अंतर. वीज कुठे करायची आणि कुठे वापरायची हे वेगळं करता येऊ लागलं. आणि ते वेगळं झालं की तिची किंमत कोण मोजतं आणि बटण कोण दाबतं, हेही वेगळं झालं.

यावर कुणी म्हणेल, मग काय पर्ल स्ट्रीटच बरा होता का? प्रत्येक गल्लीत कोळशाची भट्टी? मुळीच नाही. गल्लीतल्या धुराने कुणी शहाणं झाल्याचं ऐकिवात नाही. आमच्याकडे त्याचा नमुनाही होता. ठाकुर्लीला, चोळे गावाशेजारी, ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १९२९ साली कोळशावरचं वीजघर उभं केलं, गाड्यांसाठी. चोळा पॉवर हाऊस. उल्हास नदीचं पाणी जवळ, कोळसा रेल्वेने बाहेरून यायचा. ऐंशीच्या दशकात ते बंद पडलं, पण जुना ठाकुर्लीकर पत्ता सांगताना अजून 'पॉवर हाऊसच्या तिकडे' म्हणतो. वीजघर आणि त्याच्यावर धावणारी गाडी एकाच खिडकीतून दिसावी, असं भाग्य किंवा दुर्भाग्य फार थोड्या गावांच्या वाट्याला येतं. पण म्हणून ठाकुर्लीचा प्रवासी विजेचा हिशेब ठेवू लागला असं काही झालं नाही. शेजारी दिसणारी गोष्टसुद्धा माणूस सवयीने बघायचं सोडतो.

या चोळा पॉवर हाऊसपाशीच 'युद्धा'ची कथा कोलमडते. तिथली जनित्रं एसी बनवत होती. ती चढ्या दाबाने उपकेंद्रांत जायची, आणि तिथे तिची डीसी करून १५०० व्होल्टने तारेत सोडायची. म्हणजे १९२९ साली रेल्वेने दोन्ही वापरल्या, जिथे जी सोयीची तिथे ती. गाडीसाठी डीसी, कारण लोकलला दर दोन-तीन मिनिटांनी थांबून पुन्हा सुटायचं असतं, भरलेल्या डब्यांसकट. उभ्या जागेवरून असा जोर काढण्यात डीसीची सीरिज मोटर तेव्हा बेजोड होती. वेग कमीजास्त करायला मधे रोधक घालायचे आणि काढायचे, एवढंच. एसीच्या मोटरला त्या काळी ही नजाकत साधत नव्हती. मुंबईत ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम सुरू झाली, तीही डीसीवरच.

मग नव्वद वर्षांनी बदल का? साधा हिशेब आहे. बारा डब्यांची गाडी सुटताना समजा ३ मेगावॅट ओढते. हा आकडा मी हिशेबाला सोपा म्हणून घेतोय. १५०० व्होल्टवर ही ताकद हवी तर तारेतून २००० अँपिअर जायला हवेत. २५,००० व्होल्टवर तेवढ्याच ताकदीला १२० पुरतात. आणि तारेतलं नुकसान धारेच्या वर्गाच्या पटीत वाढतं. २००० भागिले १२०, साधारण सतरा. सतराचा वर्ग, पावणेतीनशेच्या पुढे. तीच तार, तीच गाडी, आणि नुकसानीत एवढी तफावत. म्हणून डीसीला दर काही किलोमीटरवर एक उपकेंद्र लागायचं, वरची तार जाड लागायची, आणि तरीही गाड्या वाढवायला मर्यादा. फ्रान्सने पन्नाशीच्या दशकात २५,००० व्होल्ट एसीची रेल्वे करून दाखवली, भारतीय रेल्वेने १९५९ च्या डिसेंबरपासून तीच पद्धत घेतली. मुंबई मात्र डीसीच्या बेटासारखी राहिली. लांबच्या गाडीने भुसावळकडे जाणाऱ्यांना आठवत असेल, इगतपुरीला इंजिन बदलायचं. चहा-वडा घ्यायला तो वेळ मिळायचा. तिथे विजेची जात बदलत होती, हे वडा खाताना कुणाला कळत नव्हतं आणि कळायची गरजही नव्हती.

यातली आणखी एक गंमत. जांभळ्या पट्ट्याच्या नव्या लोकल २००७ साली आल्या तेव्हा वर तार अजून डीसीच होती. पण त्यांच्या चाकांशी मोटर थ्री फेजची, एसीची, म्हणजे फेरारिसने खेळणं म्हणून टाकून दिलेली. डब्यातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा डीसी घेऊन एसी करायची. याच्या उलट, देशभर एसी तारेखाली धावणाऱ्या जुन्या इंजिनांत मोटर डीसीची होती, ती एसी घेऊन डीसी करायची. वर एक, खाली दुसरी. एकाच गाडीत एडिसन आणि टेस्ला एकमेकांच्या मांडीला मांडी लावून, चौथ्या सीटवर बसल्यासारखे.

आता पडघे. मुंबई-नाशिक महामार्गावरून जाताना डावी-उजवीकडे मनोऱ्यांचं रान दिसतं ते हे गाव. चंद्रपूरच्या कोळशाच्या पट्ट्यातून ७५० किलोमीटरवरून इथे १५०० मेगावॅट वाहून आणणारी वाहिनी १९९९ साली सुरू झाली. दाब अधिक आणि उणे पाच लाख व्होल्ट, आणि जात डीसी. पुन्हा ताकाच्या दोरीकडे येऊ. दोरी हातभर असेल तर घुसळणं सोपं. ती अंगणाच्या पार त्या टोकाला नेली तर निम्मा जोर दोरी ताणण्यात आणि सैल करण्यातच जाईल. एसीच्या लांबलचक तारेचं तसंच होतं. प्रत्येक हेलकाव्याला अख्खी तार भरायची आणि रिती करायची, सेकंदाला पन्नासदा. सातशे-आठशे किलोमीटरला हा खेळ परवडत नाही. डीसीला तो नाही, शिवाय तिला तीनऐवजी दोनच तारा पुरतात. अडचण फक्त दोन टोकांना रूपांतर करण्याची. एडिसनच्या काळी ती सुटत नव्हती, पुढे पाऱ्याच्या झडपांनी आणि मग थायरिस्टरने सोडवली. म्हणजे एडिसन बरोबर होता असं नव्हे. त्याच्या आणि पडघ्याच्या डीसीत नावापलीकडे फारसं साम्य नाही. साम्य आहे ते पडघे आणि लाउफेनमध्ये. अंतर वाढवण्यासाठी १८९१ साली एसी लागली, त्याहून वाढवण्यासाठी १९९९ साली डीसी. वीज कोणत्या जातीची हा प्रश्न इंजिनीअरचा. अंतर कुणासाठी वाढतंय हा प्रश्न बाकीच्यांचा, आणि तो विचारला जात नाही.

क्वचित तो आपणहून अंगावर येतो. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळचे दहा. कळवा आणि पडघ्यादरम्यानच्या ४०० केव्हीच्या वाहिन्या एकामागून एक बाद झाल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारली. लोकल होत्या तिथे थांबल्या. कळवा-पडघा हे शब्द मुंबईकरांच्या तोंडी बहुधा त्या दिवशी पहिल्यांदा आले. आम्हाला मात्र हे अंतर आधीच ठाऊक होतं. २००५ नंतरच्या टंचाईच्या वर्षांत मुंबईत दिवे असायचे आणि कल्याण-डोंबिवलीत भारनियमन. मुलं दहावीचा अभ्यास इन्व्हर्टरवर करायची. विदर्भातल्या खेड्यांत त्याहून लांब, आणि वीज तर तिकडेच व्हायची. अंतराच्या दोन टोकांच्या मध्ये अशा पायऱ्या असतात, आणि प्रत्येक पायरी वरच्या पायरीकडे बघून रागावते. खालच्या पायरीकडे बघायचं राहून जातं. मीही तेच केलं. मुंबईच्या नावाने बोटं मोडली, चंद्रपूरचा विचार मनाला शिवला नाही.

हे लिहिताना फोनचा चार्जर हातात घेतला. गरम होता. चष्मा वर सरकवून, डोळ्यांजवळ नेऊन त्याच्या पाठीवरचं मुंगीएवढं अक्षर वाचलं. आत येणारी वीज १०० ते २४० व्होल्ट, पुढे एक लहानशी लाट काढलेली. बाहेर जाणारी ५ व्होल्ट, पुढे एक आडवी रेघ आणि तिच्याखाली तीन तुटक रेघा. लाट म्हणजे एसी, रेघ म्हणजे डीसी. हातातली ही ऊब म्हणजे रूपांतराची मजुरी. चंद्रपूरच्या जनित्रात लाट, तिथल्या रूपांतर केंद्रात रेघ, पडघ्यात पुन्हा लाट, डीपीत दाब उतरलेली लाट, आणि माझ्या मुठीत पुन्हा रेघ. (जाळ्यात मिसळलेली वीज कुठली हे सांगता येत नाही. माझ्या फोनमध्ये खोपोलीचं पाणीही असेल.) आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आता सोलार बसवायचं चाललंय. तिथेही आधी रेघ, मग लाट, मग रेघ. सभेत एका काकांनी विचारलं, "म्हणजे ही वीज आपलीच ना?" पॅनेल कुठे बनलं, त्याची काच आणि सिलिकॉन कुठल्या कोळशावर वितळलं, हे मी बोललो नाही. बोलायला हवं होतं की नको, अजून ठरत नाही. निदान हे वीजघर आपण आपल्याच डोक्यावर घेतोय, एवढं तरी त्याच्या बाजूने म्हणता येईल.

इथवर मी असं लिहीत आलो, की तारेच्या त्या टोकाला धूर आणि या टोकाला सुख. ते चंद्रपूरबद्दल खरं आहे, मुळशीबद्दल खरं आहे. आमच्याबद्दल मात्र पुरतं खरं नाही. ती वीज आमच्याकडे येऊन नुसते पंखे फिरवत नाही, एमआयडीसीतल्या रसायनांच्या टाक्याही ढवळते. मानपाड्याच्या आसपास राहणाऱ्याला वारा कुठून वाहतोय हे खिडकी न उघडता कळतं. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशभरातल्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी काढली. त्रेचाळीस नावं होती, त्यातली पाच महाराष्ट्रातली : औरंगाबाद, नवी मुंबई, तारापूर, चंद्रपूर आणि डोंबिवली.